पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत आणि कल्याणचा फांटा

कार्तिकेय मोरावर बसून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला आणि गणपतीनें मातापित्यांभोंवतीं फिरून पण जिंकला, ही कथा घरोघर सांगतात. माणसांच्या तशाच शर्यतीच्या वाटेवर ठाणें आणि कल्याण लागतात, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानांत नसतें.

5 सप्टेंबर 2001 रोजीं अमेरिकेंत ‘द अमेझिंग रेस’ हा दूरचित्रवाणीचा कार्यक्रम सुरू झाला. दोघादोघांच्या जोड्यांनीं देशोदेशींचीं कामें उरकीत धांवावें, मागें पडणारी जोडी बहुधा गळावी, आणि शेवटच्या मुक्कामीं प्रथम येईल तिनें दहा लाख डॉलर न्यावे, असा हा खेळ. 2003 सालीं या जोड्या मुंबईसही येऊन गेल्या. परंतु अशा खेळाची वाट फार पूर्वींच बांधली गेली होती.

16 एप्रिल 1853 रोजीं बोरीबंदराहून निघालेली आगगाडी 21 मैल तोडून ठाण्यास आली. 1 मे 1854 रोजीं लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणास पोंचला. तेथें त्यास दोन फांटे फुटले : एक भोर घाटानें पुण्याकडे, दुसरा थळ घाटानें इगतपुरीकडे. 1869 सालीं अमेरिकेचा आरपार लोहमार्ग पुरा झाला व सुवेझचा कालवा खुला झाला. मार्च 1870 मध्यें जबलपुरास मुंबई-कलकत्ता मार्ग जुळला. या तीन दुव्यांनीं पृथ्वीप्रदक्षिणा दिवसांच्या हिशेबांत आली.

हें हेरूनच ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकानें 1872 सालीं आपल्या कादंबरीचा नायक फॉग यास 80 दिवसांच्या पैजेवर धाडिलें. त्याची गाडी कल्याणावरूनच जाते. पुढें लोहमार्ग अपुरा असल्याचें दाखवून लेखक त्यास हत्तीवर बसवितो. वस्तुतः तो मार्ग दोन वर्षांपूर्वींच पुरा झालेला होता. 1889 सालीं नेली ब्लाय व एलिझाबेथ बिसलंड या दोन अमेरिकन लेखिका खरोखरच चढाओढीनें, परस्परविरुद्ध दिशांनीं निघाल्या. ब्लायनें 72 दिवसांत प्रदक्षिणा पुरी केली; तिची वाट मात्र कोलंबोवरून गेली.

फॉग प्रवासभर पत्ते खेळतो. खिडकीबाहेर पाहण्याची त्यास इच्छा नसते. त्या खिडकीबाहेर घाट होते. भोर घाट फोडतांना पटकीनें व अपघातांनीं हजारों मजूर मेले. जिंकणारांचीं नांवें व त्यांचे दिवस ग्रंथांतरीं नोंदलेले आहेत. या मजुरांपैकीं बहुतेकांचीं नांवेंही उरलीं नाहींत. कल्याणास मात्र नाशिकची व पुण्याची गाडी आजही त्यांनींच घातलेल्या वाटांनीं वेगळी होते.