मामांचा रेडिओ

तोफखान्यातून निवृत्त झालेले माझे मामा रात्री रेडिओ बंद करू देत नसत. स्टेशन संपल्यावरही तो खरखरत राही. ‘मामांना रेडिओचा नाद’ म्हणून आम्ही हसायचो.

पुढे एका श्रवणतज्ज्ञाच्या टिपणांचे भाषांतर करताना ‘टिनिटस’पाशी अडले. लॅटिनमध्ये त्याचे मूळ घंटेसारखे वाजण्यात आहे. आयुर्वेदात त्याला कर्णनाद म्हटले आहे.

ही विद्याशाखा घडली ती सैनिकांच्या कानांमुळे. १९४४पासून पेनसिल्व्हेनियातील डेशॉन लष्करी रुग्णालयात रेमंड कारहार्ट यांनी सैनिकांची श्रवणशक्ती मोजून श्रवणयंत्रे निवडण्याची पद्धत बसवली. बहिरेपण मोजता आले. कानातल्या आवाजाला मात्र रुग्णाखेरीज साक्षीदार नव्हता. १९७०च्या दशकात पोर्टलंडमधील कारंज्याजवळ चार्ल्स युनिस या डॉक्टरांचा कर्णनाद लोपला. त्यावरून जॅक व्हर्नन यांनी आवाजाने आवाज झाकण्याचे उपचार विकसित केले. आज त्याच शहरातले माजी सैनिकांसाठीचे श्रवण संशोधन केंद्र हा आवाज घालवण्याचे आश्वासन देत नाही. त्याच्यासह झोपायला, जगायला शिकवते.

भाषांतरात ‘कर्णनाद’च ठेवला. मामांना रेडिओचा नाद नव्हता, हे कळायला मला तो शब्द लागला. तोवर मामा राहिले नव्हते.