पिन मारा, पंप मारा

पितळी पंपाचा स्टोव्ह अधूनमधून रुसायचाच, आणि त्याच्या रुसव्यावर आमचं घर चालायचं. पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीपासून हाकेच्या अंतरावर, एका वाड्याच्या जिन्याखाली अण्णांचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, बसलं की पाठ भिंतीला आणि उभं राहिलं की डोकं पायरीला. हा धंदा आता गेला. गेला त्याचं मला फार वाईट वाटत नाही. रॉकेलचा वास दोनदा साबण लावला तरी हाताचा जात नसे. पण स्टोव्हबद्दल लोक जे बोलतात त्यातलं निम्मं खोटं आहे, आणि ते खोडून काढायला स्टोव्हवाले उरलेले नाहीत.

हे यंत्र स्वीडनचं. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टनं १८९२ साली ते बाजारात आणलं, नाव ठेवलं प्रायमस. आधीच्या रॉकेलच्या शेगड्या वातीच्या, भांड्यांवर काजळी धरणाऱ्या. लिंडक्विस्टनं वातच काढून टाकली. टाकीत पंपानं हवा भरायची, त्या दाबानं रॉकेल वर चढतं, तापलेल्या बर्नरच्या नळ्यांत त्याची वाफ होते, आणि ती निपलच्या केसाएवढ्या भोकातून सुसाट सुटून निळी जळते. यात मोडण्यासारखं फार काही नाही. आंद्रे नावाचा स्वीडिश माणूस १८९७ मध्ये दोन साथीदारांना घेऊन बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला आणि तिघेही बर्फात मेले. त्यांचा तळ सापडला १९३० साली. सामानातला प्रायमस तेहेतीस वर्षांनंतरही पेटण्याजोगा होता. अमुंडसेन १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला तोही प्रायमसवर बर्फ वितळवत.

मग तोच स्टोव्ह सदाशिव पेठेत आठ दिवसांत का बंद पडायचा? अण्णा म्हणायचे, ध्रुवावर रेशनचं रॉकेल मिळत नाही.

हा नुसता विनोद नव्हता. रेशनच्या दुकानातलं पिंप गंजकं, तळाला पाणी, वर मापाला लावलेलं कळकट नरसाळं. घरी आणलेलं रॉकेल फडक्यातून गाळून घ्यावं असं प्रत्येकाला माहीत, पण रांगेत दोन तास उभं राहून आलेल्या बाईला गाळत बसायला वेळ कुठला? रॉकेल बरं नसलं की बर्नरच्या नळ्यांत कार्बन धरतो. त्याची कणी सुटून निपलमध्ये अडकली की ज्योत पिवळी पडते, भांडी काळी होतात. सत्तरच्या दशकात टंचाईनं तर कहर केला. १९७२ मध्ये मुंबईत महागाईविरोधात बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर पुढे होत्या; त्यांच्या गाऱ्हाण्यांत धान्य, साखर, तेलाबरोबर रॉकेलही होतं. पुढच्याच वर्षी जगभर तेलाचा भडका उडाला. आमच्याकडे त्या काळात स्टोव्ह जास्त यायला लागले. मिळेल ते रॉकेल लोक जाळत होते.

दुरुस्ती म्हणजे काय, तर पहिली पायरी घरचीच: पिन मारणे. पत्र्याच्या पट्टीच्या टोकाला तारेचा बारीक तुकडा, तो निपलच्या भोकात वरून घालायचा. डझनावारी पिना कोनाड्यात पडलेल्या असत. पण घाईत पिन तिरकी जायची, तार आत तुटायची, किंवा रोज टोचून टोचून भोक मोठं व्हायचं. भोक मोठं झालं की निळी ज्योत कायमची विसरा. मग स्टोव्ह पोराच्या हातात देऊन आमच्याकडे रवाना.

अण्णा आधी तो पेटवून बघत. डोळे मिटून ऐकत, असं मी म्हटलं तर तुम्हाला नाटकी वाटेल, पण आवाजाच्या बर्नरचं दुखणं खरोखर आवाजात कळतं. एकसारखी घरघर असेल तर स्टोव्ह बरा. मधेच उचकी लागली तर रॉकेलमध्ये पाणी. आवाज हळूहळू बसत गेला तर दाब कुठेतरी गळतोय. गळती शोधायला ते साबणाचं पाणी चोपडत, जिथे बुडबुडा तिथे डाग. बर्नरखाली शिशाचा वायसर असतो, तो दबून चपटा झालेला असे. निपल काढायला लांब दांड्याचा पाना बर्नरच्या तोंडातून आत घालावा लागे आणि आट्या झडू न देता फिरवावा लागे. पितळ मऊ, जोर केला की संपलं. आत जमलेला कार्बन काढायला अण्णा बर्नर भट्टीत लाल करून ठोकत, काळा भुगा कागदावर पडायचा तो गिऱ्हाइकाला दाखवत.

सर्वांत जास्त यायचा तो पंप. दांडा खाली जातो, हवा जात नाही. त्याच्या टोकाला कातड्याची वाटी असते, ती सुकून आकसते. दुरुस्ती एवढीच की दांडा काढा, कातडं बोटांनी फाकवा, दोन थेंब गोडं तेल सोडा. अण्णा याचे पैसे घेत नसत आणि घरी कसं करायचं तेही सांगत. आईला हे पटायचं नाही. ती म्हणे, सगळ्या पेठेला शिकवा आणि मग बसा माश्या मारत.

"अण्णा, परत भगभगतोय हो," अशी तक्रार आली की त्यांचा ठरलेला प्रश्न: "वहिनी, काकडा पुरता जळू देता का?" काकडा म्हणजे तारेच्या चिमट्यात धरलेली, रॉकेलात भिजवलेली चिंधी, ती बर्नरला लावून आधी तो तापवायचा. बर्नर थंड असताना पंप मारला तर वाफेऐवजी नुसतं रॉकेल उसळतं आणि हातभर पिवळा जाळ उठतो. स्टोव्ह जमिनीवर, बाई उकिडवी, अंगावर नायलॉनची साडी. असे अपघात झाले, खरे झाले. पण तो जाळ वरून येतो. जाड पितळी टाकी फुटून चिंध्या होणं ही गोष्ट वेगळी, आणि ती अण्णांनी उभ्या आयुष्यात हाताळलेल्या स्टोव्हांत जवळजवळ पाहिलीच नाही.

म्हणून वर्तमानपत्रात "स्टोव्हचा भडका उडून नवविवाहितेचा मृत्यू" असं आलं की ते पेपर खाली ठेवून विचारत, टाकी फुटली का ते लिहिलंय का? ते कधीच लिहिलेलं नसे. सासू, दीर, नवरा यांपैकी कुणाला भाजल्याचं लिहिलेलं नसे. चहा सगळ्या घराला लागतो, भडका मात्र सुनेच्याच वाट्याला कसा येतो, हे विचारायला ऐंशीच्या दशकात बायकांच्या संघटना उभ्या राहिल्या. पुण्यात विद्या बाळ आणि नारी समता मंच त्यात होते. १९८३ मध्ये दंडविधानात ४९८-अ कलम आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाई जळून मेली आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं, तर सासरच्यांना उत्तर द्यावं लागू लागलं. तोवर सगळं स्टोव्हच्या नावावर खपत होतं. माझा राग आहे तो याचा.

धंदा मात्र यामुळे बसला नाही. तो बसवला वातीच्या स्टोव्हनं आणि गॅसनं. इंडियन ऑइलनं डेहराडूनच्या पेट्रोलियम संस्थेबरोबर १९७७ मध्ये 'नूतन' काढला. त्यात दाब नाही, निपल नाही, आवाज नाही. जळल्या वाती घरीच बदलायच्या. आमच्याकडे आणण्यासारखं त्यात काही नव्हतंच. गॅस मुंबईत पन्नासच्या दशकापासून होता, पण नंबर लागायला वर्षं जायची, आणि सिलिंडर संपला की स्टोव्ह माळ्यावरून पुन्हा खाली यायचा. दुसरा सिलिंडर मिळाला तेव्हा खरा संपला. अण्णांनी मग कुकरच्या रिंगा आणि शिट्ट्या ठेवल्या, नंतर गॅसच्या शेगड्यांचे बर्नर साफ केले. नव्या शेगडीला काही झालं की कंपनीचा माणूस अख्खा सुटा भाग बदलतो. ठोकून, घासून काही करायची सोय नसते.

तुमच्या माळ्यावर पितळी स्टोव्ह असेल तर भंगारवाल्याला वजनावर देण्याआधी पंपाचा दांडा काढून बघा. कातडं सुकलेलं असेल, बाकी स्टोव्ह बहुधा ठणठणीत असेल. पेटवायची हौस असेलच तर कातडं आणि शिशाचा वायसर नवा घाला, मोकळ्या अंगणात पेटवा, काकडा पुरता जळू द्या, आणि पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल कधीही ओतू नका.