मोडलेला दंड आणि बदलता बंध

ज्या बेलापूरपट्टीला आज आपण नवी मुंबई म्हणतों, तेथें १९७० सालीं सिडकोची स्थापना होण्यापूर्वीं आगरी-कोळ्यांचीं गांवें, मिठागरें व भातखाचरें होतीं. आपल्याकडील खेड्यापाड्यांत हात मोडला, म्हणजे हाडवैद्य गांठण्याची चाल होती. तो हाड चांचपून बसवी, लेप देई आणि बांबूच्या कामट्या बांधून हात झोळींत घाली. आतां नेरूळ व कामोठें येथें वैद्यकीय महाविद्यालयांचीं मोठीं रुग्णालयें आहेत. तरीही एखाद्या आजीबाईंचा दंड घसरून पडल्यानें खांद्यालगत मोडला, तर आजचा अस्थितज्ज्ञही पुष्कळदां झोळी व पट्टाच देतो. घरच्या मंडळींना वाटतें, आपली बोळवण झाली! या उपचाराचा इतिहास पाहिला, तर तसें वाटणार नाहीं.

सुश्रुतसंहितेंत भग्नचिकित्सेचा स्वतंत्र अध्याय आहे. मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली किंवा बांबूच्या कांबी हाडाभोंवतीं बांधाव्या, असें तेथें सांगितलें आहे. त्याहून मार्मिक आहे तें बंध बदलण्याचें वेळापत्रक : थंडींत सात दिवसांनीं, मध्यम ऋतूंत पांच, उन्हाळ्यांत तीन. बंध सैल राहिला तर हाड हलतें. फार आवळला तर सूज व वेदना वाढतात. हा ग्रंथ १९१५ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें डल्हणाच्या टीकेसह छापला. त्यांत सारी आधुनिक विद्या शोधण्याचा मोह मात्र आवरावा. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. त्यांवांचून आंत किती तुकडे झाले, हें कळणें कठीणच होतें.

१८५२ सालीं मॅथायसेन या डच लष्करी शस्त्रवैद्यानें प्लास्टरची पट्टी पुढें आणली. पायाच्या नळीला ती उत्तम. परंतु सूज उतरली कीं हात आंत सैल पडतो, आणि प्लास्टर जसेंच्या तसें राहतें. खांद्यापाशीं अडचण आणखी मोठी. हाडाचा वरचा तुकडा लहान चेंडूएवढा, तोही मांसाखालीं दडलेला. त्याला पकडावें कोठें? छातीसकट हात जखडला, तर हाड सांधतें, पण खांदा आखडतो. ज्या आजींना स्वतःची वेणी घालतां येत नाहीं, त्यांना हाड जुळल्याचें समाधान तें काय? कंबरेंत वांकून हात लोलकासारखा झुलविण्याचा व्यायाम बोस्टनच्या कॉडमन यांच्या नांवानें ओळखला जातो. खांद्यावरील त्यांचा ग्रंथ १९३४ चा.

१९७७ सालीं अमेरिकेंतील सार्मिएंटो यांनीं दंडाच्या मधल्या भागासाठीं हलक्या पन्हळींचा बंध वर्णिला. सूज उतरेल तसे त्याचे पट्टे आवळावयाचे; कोपर व खांदा मोकळे; भोंवतालचे स्नायूच हाडाला सांवरून धरतात. २००० सालीं त्यांनीं ६२० रोग्यांची हकीकत दिली. उघडी जखम नसलेल्यांत न जुळलेलीं हाडें शेंकडा दोनहून कमी होतीं. खांद्याजवळ मात्र हा बंध, वर खांद्यावरून नेला तरी, वरच्या तुकड्याला पकडूं शकत नाहीं. तेथें मुख्य भरंवसा झोळीचा आणि खालीं ओढणाऱ्या हाताच्या वजनाचा.

ब्रिटनमध्यें असें सरकलेलें हाड असलेल्या २५० रोग्यांची पाहणी २०१५ सालीं प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रिया झालेले आणि झोळीवर राहिलेले यांच्या हातांच्या कामांत दोन वर्षांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. सांधा निखळला असेल किंवा गोळाच चिरला असेल, तर गोष्ट वेगळी. तेथें शस्त्रक्रियेचा विचार करावाच लागतो. इतरांना बहुधा पहिले दोन-तीन आठवडे झोळी, आणि मग वैद्याच्या सांगण्यावरून हात झुलविणें. बोटें निळीं पडलीं किंवा बधिर झालीं, तर मात्र पुढच्या भेटीची वाट न पाहतां त्याच दिवशीं बंध दाखवावा.