गाणे, किंचाळी आणि एकच कॅसेट

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी विचारले, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचा टेपरेकॉर्डरशी काय संबंध? संबंध आहे. स्मृती म्हणजे काय, नक्कल म्हणजे काय आणि अस्सल कशाला म्हणायचे, हे प्रश्न आम्ही चाळीस वर्षे वर्गात फळ्यावर लिहीत आलो. ते घरातल्या कपाटात, धुळीत, दीडशे ग्रॅमसुद्धा वजन नसलेल्या प्लास्टिकच्या डबीत पडलेले असतात, एवढेच आज सांगायचे आहे. साधारण १९७५ ते १९९० या काळात जगभरच्या घरगुती संगणकांनी आपली स्मृती गाण्याच्या कॅसेटवर ठेवली. त्यातला थोडासा इतिहास आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाट्यालाही आला.

आधी कॅसेट. फिलिप्स कंपनीने ती १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. कंपनीच्या बेल्जियममधल्या हासेल्ट इथल्या कारखान्यात लू ओटेन्स नावाचे अभियंते त्या कामाचे प्रमुख होते. रेकॉर्डर केवढा असावा हे ठरवायला त्यांनी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा करून घेतला होता. मोजमाप खिशाचे होते, दिवाणखान्याचे नव्हते, हे लक्षात ठेवा. आतली फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या चालीने सरकणारी. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये अशी पंच्याऐंशी-नव्वद मीटर फीत असते.

आता आपल्याकडे या. १९८२ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. त्याच सुमारास देशभर कॅसेटचे पेव फुटले होते. आमच्या भागात टेपरेकॉर्डर पोचला तो विजेच्या आधी. यात अतिशयोक्ती नाही, बरं का. एटापल्ली-भामरागडकडच्या कित्येक गावांत विजेचा खांब नव्हता, पण सेलवर चालणारा टेप कुणा शिक्षकाकडे, कुणा वनरक्षकाकडे असायचा. वडसा-देसाईगंजकडे झाडीपट्टीची नाटके दिवाळीनंतर सुरू झाली की रात्र-रात्र चालत, आणि पुढच्या रांगेतला एखादा रसिक मांडीवर टेप घेऊन बसे. सेल उतरत आले की फीत हळू सरकायची. त्या वेळी भरलेले गाणे नव्या सेलांवर लावले, की नायिका चिमणीच्या आवाजात गायची! पोट्टे हसायचे. ही गंमत विसरू नका, पुढे ती लागणार आहे.

संगणकाची अडचण अशी होती, की वीज गेली की त्याची स्मृती शून्य. टंकलेले सगळे गेले. फ्लॉपी डिस्क होती, पण तिचे यंत्र कित्येकदा संगणकाइतकेच महाग. मग लोकांची नजर घरात आधीच असलेल्या वस्तूवर गेली. १९७५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत कॅन्सस सिटीला, ‘बाइट’ मासिकाच्या पुढाकाराने, या उद्योगातली मंडळी जमली आणि त्यांनी एक संकेत ठरवला. शून्य लिहायचे असेल तर १२०० कंपनांचा सूर, एक लिहायचा असेल तर २४०० कंपनांचा. म्हणजे दुसरा सूर पहिल्याच्या बरोबर एक सप्तक वर. अंकांना सूर दिले, की टेपरेकॉर्डरला ते गाणेच वाटते. त्याला काही कळण्याची गरजच उरत नाही.

इंग्लंडमध्ये १९८२ च्या एप्रिलमध्ये सिंक्लेअर कंपनीचा ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ आला. ४८ किलोबाइट स्मृतीच्या यंत्राची किंमत १७५ पौंड. आपल्याकडे १९८४ च्या नोव्हेंबरात नवे संगणक धोरण आले, आयातीची दारे किलकिली झाली, आणि त्याच दशकात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने रीतसर परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ बाजारात आणला. मराठी मुलुखात तयार झालेला, टीव्हीला जोडायचा, आणि स्मृतीसाठी टेपरेकॉर्डर मागणारा संगणक. आमच्या भागात असे यंत्र आम्ही पाहिले ते वीज केंद्राच्या, कोळसा खाणींच्या, कागद कारखान्याच्या वसाहतींत. पगार नियमित, मुलगा पुण्याला शिकणारा, आणि घरी टीव्ही. सरकारनेही १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढून सुरुवातीला देशातल्या २५० शाळांत ब्रिटिश बनावटीचे ‘बीबीसी मायक्रो’ संगणक दिले, पण तो विषय मोठा आहे, आज त्यात शिरत नाही.

हे चालायचे कसे ते सांगतो, कारण आजच्या मुलांना ते खरे वाटत नाही. टेपच्या इअरफोनच्या भोकातून एक वायर संगणकात. संगणकावर ‘लोड’ टंकायचे, टेपचे बटण दाबायचे. आधी पाचेक सेकंद एकसुरी शिट्टी. ती शिट्टी म्हणजे संगणकाला दिलेली हाक. तेवढ्यात तो आपली लय टेपच्या लयीशी जुळवतो. पडद्याच्या कडेला लाल-निळसर पट्टे धावतात. मग प्रोग्रॅमचे नाव, जास्तीत जास्त दहा अक्षरांचे. मग पुन्हा शिट्टी, आणि मग ती प्रसिद्ध किंचाळी, पिवळ्या-निळ्या पट्ट्यांसह. पूर्ण ४८ किलोबाइट भरायला पाच मिनिटांच्या आसपास लागत. कॅसेटच्या एका बाजूला असे सहा प्रोग्रॅम, फार तर. हिशेब केला तर एक अक्षर फितीवर पाव मिलिमीटरहून किंचित जास्त जागा घेते. आमच्या आजीची पोथी यापेक्षा बरीच मोकळी लिहिलेली होती.

या पाच मिनिटांत घरात कुणी हलायचे नाही. आवाज फार मोठा झाला तर सूर फाटतात, लहान झाला तर ऐकू येत नाहीत, म्हणून आवाजाच्या चकतीवर पेनाने खूण केलेली असायची. टेपच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. हेड केसभर तिरके झाले तरी उंच सूर बोथट होतात. मग पोट्टे पेचकस घेऊन, कान लावून, आवाज सगळ्यात धारदार कधी होतो ते पाहत स्क्रू फिरवायचे. सतारिया तारा जुळवतो तसेच. आणि मध्येच दाब कमी-जास्त झाला किंवा वीज गेली, तर पुन्हा पहिल्यापासून. दाराशी औष्णिक वीज केंद्र आणि घरात अंधार, हा अनुभव या सभागृहातल्या कुणाला नवा नाही.

मंडळी, इथे आमचा विषय सुरू होतो. सगळे नीट ऐकले की नाही हे संगणकाला कसे कळे? प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक पडताळा-अंक लिहिलेला असे. आलेल्या सगळ्या अंकांची एका ठरीव रीतीने गोळाबेरीज करायची, ती त्या अंकाशी जुळली तर ठीक, नाही तर पडद्यावर ‘टेप लोडिंग एरर’. संगणकाला एवढेच कळे, की चुकले. कुठे चुकले, बरोबर काय होते, हे कळत नसे. आता वेदपठणातला घनपाठ आठवा. पहिले-दुसरे पद, मग दुसरे-पहिले, मग पहिले-दुसरे-तिसरे, मग उलटे, मग पुन्हा सुलटे. त्यात चूक नुसती उघडी पडत नाही, तिची जागाही सापडते, कारण तेच पद पुनःपुन्हा वेगवेगळ्या शेजारात येते. आमच्या पूर्वजांना संगणक ठाऊक होता, असे आम्ही म्हणतो आहोत असे कुणी कृपया समजू नये. तसली भाषणे इतरत्र भरपूर मिळतात. आमचे म्हणणे साधे आहे. स्मृती जपायची तर काही जास्तीचे जवळ ठेवावे लागते. किती जास्तीचे, हे हाताशी वेळ आणि जागा किती यावर ठरते. घनपाठ्यांकडे आयुष्य होते, स्पेक्ट्रमकडे पाच मिनिटे.

याहून महत्त्वाची गोष्ट नकलेची. गाण्याची कॅसेट एकीवरून दुसरीवर उतरवली की थोडा खरखराट वाढतो. तिसरीवर आणखी. पाचव्या-सहाव्या नकलेत गाणारी बाई पावसात उभी राहून गाते आहे असे वाटते. प्रोग्रॅमची कॅसेट अशीच टेपवरून टेपवर उतरवली तर तीही झिजते, आणि एका टप्प्यावर अजिबात उघडत नाही. पण तीच संगणकात एकदा नीट भरली आणि संगणकातून नव्या कॅसेटवर लिहिली, तर नवी प्रत पहिलीइतकीच कोरी करकरीत. शंभरावी प्रतसुद्धा. कारण संगणक सूर उतरवत नाही, सुरांतून अंक ओळखतो आणि ते अंक नव्याने गातो. अर्धा सेकंद आवाज गेला तर गाणे गाणेच राहते, प्रोग्रॅम मात्र मरतो. पण प्रोग्रॅमला पुनर्जन्म आहे, गाण्याला नाही. ज्या फितीवर ते पहिल्यांदा उमटले, ती फीत गेली की गेले.

अंक सुरात मावतात म्हटल्यावर ते आवाजाच्या कुठल्याही वाटेने जाऊ शकतात. बेलग्रेडच्या ‘व्हेंटिलेटर २०२’ या रेडिओ कार्यक्रमात १९८३ पासून झोरान मोदली प्रोग्रॅमच्या किंचाळ्या प्रसारित करत, आणि श्रोते घरी टेप लावून त्या भरून घेत. हॉलंडमध्येही असे प्रयोग झाले. एका प्रसारणात शेकडो घरी अचूक प्रत. प्रोग्रॅमला मूळ प्रत अशी नसतेच, किंवा सगळ्याच मूळ असतात.

हा फरक आपल्या जिल्ह्यांत किती महाग पडला, त्याचे एक उदाहरण सांगतो. आमचे एक स्नेही ऐंशीच्या दशकात एटापल्ली तालुक्यात शिक्षक होते. नाव सांगत नाही. माडिया मुलींची रेला गाणी त्यांनी सेलवरच्या टेपने साठ मिनिटांच्या एका कॅसेटवर भरली होती. दोन्ही बाजू. कव्हरवर पेन्सिलीने फक्त ‘रेला’ आणि गावाचे नाव. काही वर्षांनी बदली होऊन ते चंद्रपूरला आले. भाच्याने पुण्याहून स्पेक्ट्रम आणला होता, कोऱ्या कॅसेटला पैसे पडत, आणि कॅसेटच्या मागच्या कडेचे ते दोन छोटे कान मोडलेले नव्हते. ते मोडले असते तर रेकॉर्डचे बटण दाबलेच गेले नसते. (अर्थात भोकावर चिकटपट्टी लावून तीही युक्ती हाणून पाडता येते, आणि पोट्ट्यांना ती येत होती.) दुसऱ्या बाजूवर त्याने चार प्रोग्रॅम लिहिले. त्यातला एक व्याजाचा हिशेब करणारा होता, एक सापाचा खेळ. दोन्ही एका मासिकात छापलेले होते, तिथूनच टंकले होते. म्हणजे ज्याची प्रत हवी तेव्हा, हवी तितकी मिळाली असती, ते त्याने अशा वस्तूवर लिहिले जिची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

भाच्याला आम्ही दोष देत नाही. त्याला ते रिकामे वाटले. गोंडी-माडियाचा बहुतेक व्यवहार तोंडी होता, शाळेत ती भाषा नव्हती, घरात कुणाला ती कळत नव्हती. न कळणारे गाणे आणि कोरी फीत यांत फरक करायला त्याला कुणी शिकवले होते? संगणक साक्षरतेच्या नावाने त्या दशकात पुष्कळ बोलले गेले. आधी हातात काय आहे ते वाचायची साक्षरता कुणाच्या योजनेत नव्हती, ही आमची तक्रार आहे, आणि ती त्या मुलाविरुद्ध नाही.

मात्र ऐका. चार प्रोग्रॅम मिळून बावीस मिनिटांच्या आत संपले. त्यापुढे त्याने काही लिहिले नाही. किंचाळी थांबते, एक खट् असा आवाज येतो, आणि मधूनच, ओळीच्या अर्ध्यातून, मुली गायला लागतात. थोड्या चिमण्या आवाजात, कारण त्या दिवशी सेल उतरले होते.

म्हणून शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. ज्यांच्या घरी अशा कॅसेटी असतील त्यांनी सगळ्यात आधी मागचे दोन्ही कान मोडून टाकावेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पाठोपाठ पावसाची ओल येते. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट लावू नका, जाणकाराकडून साफ करून घ्या, नाही तर फितीचा थर हेडला घासून निघून येईल. फीत सैल असेल तर आधी पेन्सिलीने हळू ताणून घ्या. हेड स्वच्छ असलेला टेप संगणकाला जोडून दोन्ही बाजू पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत एकदम उतरवा, आणि फाइल दाबून लहान करू नका. हेडचा तो स्क्रू मूळ भरताना जितका तिरका होता तितकाच वाजवताना लागतो, म्हणून आवाज बोथट वाटला तर फीत खराब झाली असे लगेच धरू नका. किंचाळी लागली तर तीही उतरवा. त्या सुरांतून प्रोग्रॅम परत काढणारी साधने आज फुकट मिळतात, आणि कुणी १९८७ साली आपल्या दुकानाची उधारी किंवा गावची पावसाची नोंद त्यात ठेवली असेल, तर तिला छापील मासिकाचा आधार नाही.

आणि भाषा गोंडी किंवा माडिया असेल, तर उतरवताना ती बोलणारी एखादी वडीलधारी व्यक्ती शेजारी बसवा. कोण गाते आहे, कुठल्या गावची, लग्नाचे गाणे आहे की सणाचे, हे फितीवर नसते. आमच्या त्या स्नेह्यांच्या कॅसेटमधल्या दोन आवाजांची नावे अशीच मिळाली. तिसरा आवाज अजून ओळखायचा आहे.