हो-चंक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विस्कॉन्सिन राज्यातील एक मूळ रहिवासी जमात. जुन्या ग्रंथांत व सरकारी दप्तरांत तिचा उल्लेख ‘विनेबागो’ असा येतो. शेजारच्या अल्गाँक्वियन भाषकांनी दिलेले हे नाव विस्कॉन्सिनमधील शाखेने १९९४ मध्ये अधिकृतपणे टाकले. नेब्रास्कातील शाखेने ते कायम ठेवले आहे. झारखंडमधील ‘हो’ आदिवासींशी या जमातीचा संबंध नाही, नावातले साम्य केवळ योगायोगाचे. भाषा सू भाषाकुलातील असून आयोवा, ओटो व मिझूरिया यांच्या बोली तिला सर्वांत जवळच्या.

जमातीच्या परंपरेनुसार तिचा उगम ग्रीन बे उपसागराच्या काठी रेड बँक्स येथे झाला. फ्रेंच प्रवासी झां निकोले १६३४ मध्ये याच परिसरात आला, असे मानतात. पुढच्या काही दशकांत साथी आणि लढाया यांत जमातीची मोठी हानी झाली; त्यानंतर तिची गावे दक्षिणेकडे नद्यासरोवरांच्या काठाने पसरली. आजचे मॅडिसन शहर व तेथील विद्यापीठ याच भूमीवर उभे आहे. पक्षी, अस्वल, जलदेवता अशा आकारांचे मातीचे प्राचीन उंचवटे त्या भागात शेकड्यांनी होते. ते आपल्या पूर्वजांनी रचले, असे हो-चंक सांगतात. बॅराबूजवळच्या मानवाकृती उंचवट्याचे पाय विसाव्या शतकाच्या आरंभी रस्ता काढताना कापले गेले.

समाज बारा कुळ्यांचा. त्यांचे दोन गट : आकाशाचे व पृथ्वीचे. लग्न दुसऱ्या गटातच करायचे आणि मूल बापाच्या कुळीचे. मेघगर्जना कुळीकडे शांततेच्या काळातील प्रमुखपद असे व तंटे तिथे मिटत. गावातील शिस्त व पहारा अस्वल कुळीकडे. मका हे मुख्य पीक, जोडीला शिकार, मासे, जंगली तांदूळ व क्रॅनबेरी. मका टिकवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. खड्ड्यात तापून लाल झालेले दगड टाकायचे, त्यांवर कणसांच्या सालींचा थर, मग कोवळी कणसे, पुन्हा साली आणि वर माती. मातीला भोके पाडून पाणी ओतले, की आतल्या वाफेवर कणसे रात्रभर शिजतात. सकाळी शिंपल्याने किंवा चमच्याने दाणे सुटे करून उन्हात वाळवतात. काळ्या ॲश झाडाच्या पट्ट्यांच्या टोपल्या आणि रंगीत फितींचे भरतकाम हे स्त्रियांचे खास कसब.

१८२० नंतर शिशाच्या खाणींसाठी गोरे वसाहतवाले जमातीच्या भूमीत घुसले. १८२७ मध्ये जमातीचा पुढारी रेड बर्ड याने प्रतिकार केला. तो पुढच्या वर्षी कैदेत मरण पावला. १८२९, १८३२ व १८३७ च्या करारांनी मिसिसिपीच्या पूर्वेकडील सर्व भूमी गेली. त्यांतला शेवटचा नावापुरताच करार होता. वॉशिंग्टनला गेलेल्या प्रतिनिधींना जमीन विकण्याचा अधिकारच नव्हता. भूमी सोडायला आठ वर्षांची मुदत आहे असे त्यांना सांगितले, मसुद्यात मात्र आठ महिने होते. पुढे आयोवा, मिनेसोटातील लाँग प्रेरी आणि मग ब्लू अर्थ असे लोकांना हलवत नेले. १८६२ मध्ये मिनेसोटातील डकोटा जमातीने उठाव केला; त्याचे निमित्त होऊन १८६३ मध्ये हो-चंकांनाही क्रो क्रीकच्या ओसाड मुलखात धाडण्यात आले. तिथल्या उपासमारीतून अनेकजण होड्यांनी मिझूरी नदीने निसटले आणि १८६५ मध्ये नेब्रास्कात ओमाहा जमातीच्या शेजारी राखीव भूमी मिळाली.

दरवेळी काहीजण पायी विस्कॉन्सिनला परतत. यलो थंडर या प्रमुखाने तर १८४९ मध्ये ४० एकर जमीन रीतसर विकत घेतली. खरेदीखत दाखवणाऱ्याला हुसकावणे सोपे नव्हते. १८७३-७४ च्या हिवाळ्यात सैन्याने शेवटची धरपकड केली, तरी बरेच लोक पुन्हा परतले. मग १८७५ व १८८१ च्या कायद्यांनी त्यांना तेथेच जमिनी धारण करण्याची मुभा दिली. या येण्याजाण्यातूनच जमातीच्या दोन शाखा झाल्या.

मानवशास्त्रज्ञ पॉल रॅडिन यांचे ‘द विनेबागो ट्राइब’ (१९२३) आणि नॅन्सी लुरी यांनी संपादित केलेले माउंटन वुल्फ वुमन या हो-चंक स्त्रीचे आत्मकथन (१९६१) हे महत्त्वाचे ग्रंथ. त्यांपैकी आत्मकथन अधिक वाचनीय आहे. योद्ध्यांविषयीचा जुना आदर आधुनिक सैन्यसेवेतही टिकला : मिचेल रेड क्लाउड यांना कोरियन युद्धातील शौर्याबद्दल सर्वोच्च पदक मरणोत्तर मिळाले. विस्कॉन्सिन शाखेची राज्यघटना १९६३ ची, मुख्यालय ब्लॅक रिव्हर फॉल्स येथे. तिला सलग राखीव क्षेत्र नाही. जमिनी अनेक काउंट्यांत विखुरलेल्या आहेत. उत्पन्नाचा मोठा भाग कॅसिनोंतून येतो. भाषा लहानपणापासून बोलत आलेले आता मोजके वृद्धच उरले असून ती तरुणांना शिकवण्याचे वर्ग जमात चालवते. या शाखेच्या सदस्य शॅरिस डेव्हिड्स २०१८ मध्ये कॅन्ससमधून अमेरिकी प्रतिनिधिगृहावर निवडून आल्या.