दर्या आणि दऱ्या : भ्रमणध्वनीवरील मराठी लिपीचा इतिहास

मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. 'आचार्यास बोलाविले' आणि 'आचाऱ्यास बोलाविले' या दोन वाक्यांत बोलाविलेली माणसे निराळी आहेत : पहिला गुरू, दुसरा स्वयंपाकी. पहिल्या शब्दात र् मागील अक्षरावर आघात देतो आणि लेखनात रफार होऊन पुढील अक्षराच्या डोक्यावर चढतो. दुसऱ्या शब्दात असा आघात होत नाही. र् पुढील यकाराबरोबर उच्चारला जातो व निराळ्या वळणाच्या अर्ध्या रकाराने दाखविला जातो. संस्कृत आणि हिंदी यांच्या प्रचलित लेखनास या चिन्हाची गरज पडत नाही. मराठीस ती नित्य पडते. हे एक चिन्ह संगणकात व पुढे खिशातील दूरध्वनियंत्रात कसे पोहोचले, याचा मागोवा घेतला असता यंत्रनिर्माते आणि भाषा यांचा संबंध स्पष्ट होतो.

खिळ्यांच्या छपाईत हा प्रश्न प्रत्येक छापखान्यापुरता होता. हवे ते जोडाक्षर स्वतंत्र खिळा पाडून मिळविता येई. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची देवनागरी अक्षरे याच कारागिरीमुळे नावाजली. संगणकाची गोष्ट वेगळी. त्यात अक्षराची आकृती साठविली जात नाही, त्याचा क्रमांक साठविला जातो. आणि तो क्रमांक सर्व यंत्रांत एकच असल्याखेरीज एकाने लिहिलेले दुसऱ्यास वाचता येत नाही. सबब कोणत्या चिन्हास क्रमांक द्यावा हा निर्णय कारागिराच्या हातून निघून मानके ठरविणाऱ्या समित्यांकडे गेला.

भारतीय लिप्यांकरिता असे पायाभूत काम १९८० नंतरच्या दशकात कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाले व पुढे १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या 'सी-डॅक' या संस्थेत ते वाढले. त्यातून सिद्ध झालेल्या 'इस्की' या संकेतावलीस भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली आय. एस. १३१९४ या क्रमांकाने मान्यता दिली. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांना एकच सामाईक वर्णक्रम लावावा, हे तिचे सूत्र होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने प्रत्येक लिपीस १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग दिला. तथापि देवनागरी विभागातील क्रम इस्कीच्या १९८८ मधील रूपावरूनच घेतला.

या विभागात मराठीच्या अर्ध्या रकारास स्वतंत्र स्थान मिळाले नाही. त्याची सोय दोन प्रकारांनी करण्यात आली. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी मांडणी होती. इस्कीशी सुसंगत अशा पद्धतीत द्राविडी भाषांतील एक विशिष्ट रकार लिहिण्यासाठी ठेवलेला ०९३१ क्रमांकाचा 'ऱ' आणि हलन्त अशी मांडणी आहे. दोन्ही पद्धती मान्य आहेत आणि दोहोंनी पडद्यावर 'दऱ्या' हाच शब्द उमटतो. परंतु यंत्राच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द होत. शोधप्रणालीने हा भेद स्वतः मिटविला नाही, तर एका पद्धतीने शोधू जाता दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला मजकूर सापडत नाही.

इंग्रजी शब्दांतील आद्य स्वराचेही असेच झाले. हिंदीत या स्वरासाठी 'ऍ' हे रूप होते. मराठीच्या वळणाच्या 'ॲ' या अक्षरास ०९७२ हा क्रमांक युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, म्हणजे २००८ साली मिळाला. महाराष्ट्र शासनाने प्रमाण वर्णमालेचा निर्णय २००९ साली काढला, त्यात या स्वराचा समावेश आहे. तोवरच्या काळात लोकांनी 'ऍ' वापरला, किंवा 'अ' वर चंद्र जोडून काम भागविले. त्यामुळे एकाच स्वराची तीन लेखने आजच्या संगणकीय मजकुरात एकत्र नांदताना दिसतात.

दूरध्वनियंत्रात या अडचणींत जागेच्या टंचाईची भर पडली. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पाठविला गेला. या संदेशाचा आकार १४० बाइट इतका बांधलेला होता. रोमन अक्षर ७ बिटांत बसत असल्याने त्यात १६० अक्षरे मावत; देवनागरी चिन्हास १६ बिट लागत असल्याने ७०च मावत. शिवाय येथे चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. 'ज्ञानेश्वरी' हा शब्द वाचणारास चार अक्षरांचा वाटतो. यंत्र मात्र त्यात प्रत्येक व्यंजन, हलन्त व मात्रा वेगळी धरून अकरा चिन्हे मोजते. पुढे भारतीय लिप्यांकरिता ७ बिटांचे तक्ते मानकात जोडले गेले. परंतु तोपर्यंत रोमन लिपीत मराठी लिहिण्याची सवय पुष्कळांच्या हातात बसली होती. तिला भाषेविषयीची अनास्था म्हणणे सोपे आहे. पण एकाच मजकुरास एकाऐवजी दोन-तीन संदेशांचे पैसे पडत असतील, तर लिहिणारा कोणती लिपी निवडील हे सांगावयास नको.

अक्षराचा क्रमांक असणे एक आणि त्याची आकृती नीट जुळविणे दुसरे. संगणकावर ही सोय १९९९ साली तयार झालेल्या विंडोज २००० या प्रणालीबरोबर सर्वसामान्य झाली. तिच्यासोबत आलेला 'मंगल' हा टंक सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रचला होता. दूरध्वनीवर हीच वाटचाल उशिरा झाली. अँड्रॉइड प्रणालीच्या मांडणीभाषांत मराठीचा समावेश २०१४ च्या ५.० आवृत्तीत झाला. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत तयार झालेल्या 'स्वरचक्र' या कळफलकाने व्यंजनावर बोट ठेवताच भोवती बाराखडी उमटविण्याची योजना केली, ती भारतीय वर्णमालेच्या रचनेस धरून होती. २०१६ च्या आय. एस. १६३३३ (भाग ३) या मानकाने दूरध्वनीवर अनुसूचीतील सर्व २२ भाषा वाचता याव्यात, तसेच इंग्रजी, हिंदी व आणखी निदान एका भारतीय भाषेत लिहिता यावे, अशी अपेक्षा ठरविली.

या इतिहासावरून, मराठीची उपेक्षा कोणी हेतुपुरस्सर केली असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. सामाईक वर्णक्रमाचे सूत्र उपयुक्तच होते. त्यावाचून सर्व लिप्यांचे काम इतक्या लवकर मार्गी लागते ना. परंतु लिपी एक म्हणून लेखनही एक, हे त्यामागील गृहीत अपुरे होते. कोशातील वर्णानुक्रम हे त्याचे आणखी एक उदाहरण. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या दरम्यान आहे. मराठी परंपरेत तो 'ह' नंतर येतो व त्यापुढे क्ष, ज्ञ येतात. हा क्रम यंत्रास वेगळ्या नियमाने शिकवावा लागतो, आणि जेथे तो शिकविलेला नाही तेथे मराठी शब्दांची यादी मराठी क्रमाने लागत नाही.

आज मराठी मजकुराचा फार मोठा भाग दूरध्वनीवर लिहिला जातो. उद्याचे कोशकार व व्याकरणकार शब्दांची वारंवारता त्याच मजकुरावरून मोजतील. 'दऱ्या' दोन प्रकारे आणि 'ॲ' तीन प्रकारे साठविला असेल, तर ती मोजणी सुरुवातीसच चुकेल. यास्तव अशा मजकुराचा संग्रह करताना प्रथम त्यातील पर्यायी लेखने एका रूपात आणणे आणि ते रूप कोणते घेतले याची नोंद संग्रहासोबत ठेवणे, हे अभ्यासकाचे पहिले काम ठरते.