कंदीलपुष्प आणि रेल्वेचा इंजिनिअर

बोईसरहून मुंबईकडे जाणारी प्रत्येक गाडी नायगाव-भाईंदरच्या मध्ये वसईची खाडी ओलांडते. १८६०च्या दशकात इथला लोखंडी पूल उभारण्याच्या कामावर थिओडोर कुक नावाचा तरुण आयरिश इंजिनिअर होता. बीबीसीआय रेल्वेतला. १८६५ मध्ये तो पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, प्राचार्य झाला. आज त्याचं नाव निघतं ते मात्र ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ या ग्रंथामुळे. मुंबई इलाख्यातल्या झाडांची ही नोंदवही १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने छापली गेली. कंदीलपुष्पाच्या मागे लागलेला माणूस आजही आधी कुकची पानं उलटतो.

कंदीलपुष्प म्हणजे खर्पुडीच्या कुळातल्या वेली, शास्त्रीय नाव सेरोपेजिया. पालघरच्या डोंगरउतारांवर या वेली ऑगस्ट-सप्टेंबरात गवताला आणि कारवीला धरून चढतात. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी दोनदा शेजारून गेलो आणि कळलंच नाही. फूल बोटाच्या दोन पेरांएवढं, खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाकळ्यांची टोकं जुळून झालेली जाळी. वासाने येणारी बारीक माशी आत घसरते, आणि नळीतले केस खालच्या दिशेला वळलेले असल्यामुळे तिला वर येता येत नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत केस सुकतात, फूल कलतं, आणि परागांची गाठोडी घेऊन माशी सुटते. ती मरत नाही, फक्त एक मुक्काम करते.

लिनियसने हे नाव ग्रीकमधले मेण आणि कारंजं हे दोन शब्द जोडून केलं. त्याने वेल पाहिली ती चित्रात, ‘हॉर्टस मलाबारिकस’मध्ये. १६७८ ते १६९३ दरम्यान ॲमस्टरडॅमला छापलेल्या त्या बारा खंडांच्या पहिल्या खंडात रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोकणी वैद्यांचं नागरी लिपीतलं साक्षपत्र आहे. म्हणजे युरोपीय वनस्पतिशास्त्राच्या तळाशी आपल्याकडचे हात आहेत.

कुकच्या पानांतही ते आहेत. त्याने स्वतः तपासलेल्या नमुन्यांपुढे, गोळा करणाऱ्याच्या नावाला उद्गारचिन्ह दिलेलं असतं. वुड्रो!, कानिटकर!, रानडे!, भिवा! बाकीच्यांची आडनावं आहेत, भिवा नुसता भिवा. आमच्या गिट कमिटमध्येही असे लोक असतात. कोड चालतो, प्रेझेंटेशनमध्ये नाव नसतं. मला कुकपेक्षा भिवाबद्दल जास्त कुतूहल आहे.

आणखी एक गोष्ट खटकते. रेल्वेला स्लीपर आणि इंधन लागे, त्यासाठी जंगलं तुटली. त्याच रेल्वेत काम केलेला माणूस निवृत्तीनंतर क्यूमध्ये बसून त्या जंगलांची यादी करत होता. त्याला ढोंग म्हणावं असं मला वाटत नाही. पण यादी आणि तोड एकाच काळात चालू होती, हे लक्षात ठेवून ती पानं वाचावीत.

आज पालघरात बुलेट ट्रेन, मालगाड्यांचा कॉरिडॉर आणि मुंबई-वडोदरा एक्स्प्रेस वे अशी तीन कामं निघालीत. भरावाला मुरूम लागतो, मुरूम टेकडीतून येतो. ही वेल पावसाळा संपला की वरून वाळून जाते आणि आठ महिने जमिनीत कंदाच्या रूपात असते. त्यामुळे गवताला वणवा लागला तरी ती पुढच्या पावसात उगवते. पण जेसीबी कंदासकट माती नेतो. उन्हाळ्यात पाहणी करायला आलेल्या माणसाला तिथे नुसतं वाळकं गवत दिसतं, आणि कागदावर ‘पडीक’ लिहिलं जातं.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं या कुळातल्या दुर्मीळ जाती बागेत वाढवल्या. बागेत वेल टिकते, माशी आणि उतार मात्र सोबत नेता येत नाहीत. म्हणून मी फोटो टाकतो तेव्हा लोकेशन बंद करतो, आणि कुठल्या टेकडीवर दिसली ते इथेही लिहीत नाही. कंद उपटून नेणारे हौशी लोकही हेच फोटो बघतात.